नकाशाची इर्जिक



चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी सांगितले, 'नकाशे तयार करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर : स्वीकार आणि विकास'. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लोक बसतील असे काही नाव द्या." म्हणून बाहेरच्या फळ्यावर आज 'नकाशाची इर्जिक' असे लिहिलेले आपण पाहिले असेल.

इर्जिक म्हणजे काय ते वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको. तरुणांसाठी सांगतो. एखाद्याची नांगरट मागे पडली, म्हणजे गावातले शेतकरी आपापले नांगर आणि बैल घेऊन त्याच्या शेतावर येतात व दिवसभरात काम उरकून देतात. मजुरी कोणी घेत नाही. शेतधन्याने सर्वांना पोटभर जेवू घालावयाचे आणि दुसऱ्याची पाळी आली म्हणजे आपले बैल घेऊन जावयाचे. या शेवटच्या बोलीवरच सारा व्यवहार उभा असतो. जो दुसऱ्यांचे बैल घेतो पण आपले सोडत नाही, त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे, एवढे मला आज सांगावयाचे आहे.

आधी हे सॉफ्टवेअर करते काय ते पाहू. आपल्या तालुक्याचा नकाशा टेबलावर पसरला आहे अशी कल्पना करा. त्यावर एक पारदर्शक कागद ठेवून फक्त ओढे-नाले काढले. दुसऱ्या कागदावर विहिरी, तिसऱ्यावर वाड्यावस्त्या, चौथ्यावर जमिनीचे चढउतार. आता हे कागद एकावर एक नीट जुळवून ठेवले, की कोणती वस्ती पाण्यापासून किती दूर आहे आणि उन्हाळ्यात टँकर प्रथम कोठे गेला पाहिजे, हे डोळ्यांना दिसू लागते. हेच काम संगणक करतो. कागदांच्या जागी थर असतात, आणि विहिरीच्या प्रत्येक ठिपक्यामागे तिची खोली, पाण्याची पातळी, तारीख अशी नोंदवही जोडलेली असते. याला भौगोलिक माहिती प्रणाली, व्यवहारात जी. आय. एस., असे म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अशाच विहिरींच्या कामात मी होतो. सॉफ्टवेअर विकतचे होते, आणि खरे सांगावयाचे तर उत्तम होते. मुलांनी दोन उन्हाळे पायी हिंडून नोंदी गोळा केल्या. पुढे अनुदान थांबले, परवान्याची मुदत संपली, आणि एके दिवशी आमचे नकाशे आम्हालाच उघडेनात. माहिती आमची, श्रम आमचे. पण कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. यात कोणी लबाडी केली नव्हती. करारात सारे स्वच्छ लिहिलेले होते. आम्हीच तो वाचला नव्हता.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते ज्या मूळ आज्ञांनी बनते त्या सर्वांसमोर उघड असतात. कोणीही ते वापरावे, त्याची रचना अभ्यासावी, त्यात बदल करावा, दुसऱ्याला द्यावे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये हे हक्क जी.पी.एल. नावाच्या परवान्यात कायद्याच्या भाषेत बसविले. त्यात एक अट आहे. बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला द्यावयाचे असेल, तर बदललेल्या मूळ आज्ञाही त्याच हक्कांसह दिल्या पाहिजेत. आपण मोकळे घेतले ते पुढे कोंडून ठेवावयाचे नाही.

याचे महत्त्व 'ग्रास' या सॉफ्टवेअरच्या कथेवरून कळते. ते अमेरिकन सैन्याच्या इलिनॉयमधील बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८२ च्या सुमारास सुरू झाले. सैन्याच्या ताब्यातील विस्तीर्ण जमिनींची देखभाल हा हेतू. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास प्रयोगशाळेने हे काम सोडून दिले. एखाद्या कंपनीचा माल असता तर तेथेच त्याची समाप्ती झाली असती. पण ते सरकारी काम असल्यामुळे त्याच्या मूळ आज्ञा लोकांना खुल्या होत्या. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने ते उचलले, जर्मनीत मार्कुस नेटेलर यांनी त्याचा ध्यास घेतला, आणि १९९९ मध्ये त्याला जी.पी.एल. परवाना मिळाला. ते आजही वापरात आहे. ग्रास म्हणजे इंग्रजीत गवत. मालकाने पाठ फिरविली तरी ते पुन्हा फुटले!

दुसरे उदाहरण 'क्यूजीआयएस'चे. अलास्कातील गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केले. आपल्याजवळची भौगोलिक माहिती संगणकावर झटपट पाहता यावी, एवढीच त्यांची गरज होती. मग कोणी छपाईची सोय केली, कोणी चुका दुरुस्त केल्या, कोणी पुस्तिका लिहिली. २००९ च्या जानेवारीत त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आज महाविद्यालयांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत ते जगभर वापरले जाते.

येथे कोणी विचारील, "फुकटच्या वस्तूवर भरवसा काय ठेवावयाचा?" प्रश्न रास्त आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण शिकण्याला पडतात. हातची सवय मोडावी लागते. अडले तर दाद मागावयास एक दुकानदार नसतो. आणि काही कामांत विकतचे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडते, हेही मान्य केले पाहिजे. भरवसा ठेवावयाचा तो सांभाळणाऱ्या माणसांवर. आणि नेमके येथेच आपले लक्ष जात नाही.

क्यूजीआयएसच्या पायात आणखी दोन चिरे आहेत. निरनिराळ्या प्रकारच्या नकाशा-फायली वाचणारे 'जीडॅल' फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केले. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याचे गणित करणारे 'प्रोज' त्याहून जुने. हे गणित म्हणजे पंडितांची करमणूक नव्हे. आपले जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेले आहेत. आपल्या खिशातला फोन उपग्रहांसाठी ठरलेले १९८४ चे निराळे आकारमान धरतो. दोहोंचा मेळ न घालता कागद एकावर एक ठेवले, तर तीच विहीर शंभरेक मीटर सरकून शेजाऱ्याच्या रानात जाऊ शकते. एक वीत बांधासाठी ज्या देशात पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात, तेथे हा फरक किरकोळ म्हणता येईल काय?

हा मेळ घालणारे गणित कालांतराने अपुरे पडू लागले. नव्या, सूक्ष्म मोजणीला ते पुरेना. सारे जग ते वापरीत होते, पण दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. शेवटी २०१८ मध्ये एक मोहीम निघाली. अनेक संस्था आणि कंपन्या यांनी मिळून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली आणि फ्रान्समधील एव्हाँ रूओ यांनी ते काम तडीस नेले. अमेरिकेच्या खेड्यांत शेजारीपाजारी जमून एकाचे धान्याचे कोठार उभारून देतात. मोहिमेला नाव दिले होते ते त्याच चालीचे. ते वाचले तेव्हा मला आमच्या गावची इर्जिक आठवली.

आता आपल्या दाराशी येऊ. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांवरील निर्बंध सैल झाले आणि भारतीयांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट उरली नाही. वाट मोकळी आहे. पण स्वीकार म्हणजे नुसते उतरवून घेणे, असे आपण धरून चाललो आहोत. परवान्याचे पैसे वाचले, की कचेरीला आनंद होतो. त्या वाचलेल्या पैशांतला एक वाटा शिक्षणाला आणि एक वाटा त्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला द्यावा, हे सुचत नाही.

ज्याला आज्ञा लिहिता येत नाहीत त्यानेही हात आखडण्याचे कारण नाही. एक साधे उदाहरण देतो. नकाशावर 'कऱ्हाड' हे नाव 'कर्हाड' असे उमटले, तर ती चूक अलास्कातल्या सज्जनाला कशी दिसावी? ती मराठी माणसालाच खुपणार आणि त्यानेच कळविली पाहिजे. वापराच्या पुस्तिका सोप्या मराठीत आणणे हेही विकासाचेच काम आहे. आणि सॉफ्टवेअर झाले तरी माहितीवाचून ते रिकामे जाते आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात कोणालाही भर घालता येते. आपल्या डोंगराच्या कुशीतील वाडीचे नाव, तेथे जाणारी पायवाट, बारमाही विहीर यांची नोंद आपण नाही करावयाची तर कोणी?

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. येथील महाविद्यालयाने आणि वाचनालयाने मिळून या पावसाळ्यापूर्वी गावच्या विहिरींचा एक नकाशा करावा. काम करताना जी अडचण येईल ती लिहून ठेवावी आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना कळवावी. परक्या मुलखातल्या माणसांनी आपल्या शेतावर येऊन नांगर धरला आहे. त्यांना जेवू घालणे आपल्याला शक्य नाही. निदान आपली बैलजोडी तरी सोडू या.