संकष्टीचा चंद्र



आपल्या सांगली-सातारा भागात चंद्राची सर्वांत आतुरतेनं वाट कोण पाहत असेल, तर संकष्टीचा उपवास धरणारी मंडळी. दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ होऊन जाते, तरी चंद्राचा पत्ता नसतो. ती वेळ मोकळं क्षितिज धरून काढलेली असते आणि साताऱ्याच्या पूर्वेला तर जरंडेश्वराचा डोंगर आडवा. माझं गाव तासगाव. आमच्याकडे द्राक्षबागांवरून चंद्र लवकर दिसतो, आणि साताऱ्याची बहीण दर महिन्याला फोनवर कुरकुरते, "तुमची पानं वाढलीसुद्धा?"

मला चंद्राचे फोटो काढायचा नाद आहे. लोकांना वाटतं, मी पौर्णिमेची वाट पाहत असेन. खरं तर पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं. सावल्या नाहीत, त्यामुळे खड्डे-डोंगर उठून दिसत नाहीत. नुसती पांढरी थाळी. संकष्टीला मात्र एक कड झिजू लागलेली असते. तिथे सूर्य मावळत असतो आणि लांब सावल्यांमुळे विवरांच्या भिंती स्पष्ट दिसतात. आपल्या अक्षांशावरून पाहताना ही झिजलेली कड उगवत्या चंद्राच्या वरच्या बाजूला असते. अर्घ्य देताना जरा निरखून पाहा.

फोटोचं म्हणाल, तर रात्र आहे म्हणून कॅमेऱ्याला जास्त प्रकाश द्यायचा नाही. चंद्र म्हणजे भर उन्हातला खडक. आयएसओ १००, छिद्र ८ आणि शटर सेकंदाचा १२५वा भाग, एवढ्यानं सुरुवात करावी. ३०० मिलिमीटरच्या लेन्सनंही कॅमेऱ्याच्या आत उमटणारा चंद्र जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा असतो, म्हणून तिपाई हवीच. आणि घाई नको. क्षितिजालगत हवेचा थर जाड असतो, प्रतिमा थरथरते. आधी मोदक, मग कॅमेरा.

हल्ली मुलं फोनवर चंद्राचा फोटो दाखवतात, अगदी विवरांसकट. २०२३च्या मार्चमध्ये एकानं चंद्राचं मुद्दाम पुसट केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवलं आणि फोननं टिपलं. फोननं त्यात मूळ चित्रात नसलेले बारकावे भरले! असला चंद्र मला नको. त्यापेक्षा दुर्बिणीच्या भिंगाला फोन लावून, प्रकाश हातानं कमी करून काढलेला धूसर फोटो बरा. तो निदान त्या रात्रीचा असतो.

हे मी का म्हणतो, ते सांगतो. चंद्राच्या कडेजवळ एक लांबट गोल, काळसर डाग आहे. बाकीच्या डागांपासून वेगळा, म्हणून पटकन सापडतो. रुंदी सुमारे पाचशे किलोमीटर. रिचोली या इटालियन धर्मगुरूनं १६५१ साली चंद्राचा नकाशा छापला, त्यात याचं नाव मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा समुद्र. पाणी नाही, गोठलेल्या लाव्हाचं मैदान आहे. शुद्ध तृतीयेच्या सुमारास त्यावर ऊन पडू लागतं आणि वद्य चतुर्थीच्या आसपास, म्हणजे आपल्या संकष्टीलाच, तो अंधारात बुडतो. रिचोलीला आपली संकष्टी ठाऊक असण्याचं कारण नाही, निव्वळ योगायोग. पण आमच्या गच्चीवर हे सांगितलं की उपवासाच्या बायका दुर्बिणीसाठी रांग लावतात.

याच समुद्रातून १९७६ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना-२४ यानानं १७० ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. २ मार्च २०२५ला अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं ब्लू घोस्ट यान तिथे उतरलं. यान सौरऊर्जेवर चालणारं, त्यामुळे त्याचं आयुष्य चंद्रावरच्या एका दिवसाचं, म्हणजे आपले साधारण चौदा दिवस. सूर्य मावळल्यावरही काही तास ते माहिती पाठवत राहिलं आणि आपल्याकडे १७ मार्चची पहाट होत असताना गप्प झालं.

त्याच दिवशी संकष्टी होती. रात्री नऊनंतर चंद्र वर आला, आम्ही अर्घ्य दिलं, जेवलो. मग मी कॅमेरा लावला. त्या रात्रीच्या फोटोत चंद्राच्या वरच्या कडेला तो डाग नाहीच. तिथे नुसता काळोख आहे.