आधी करार दाखवा



मराठीच्या भवितव्याबद्दल चार धीराचे शब्द बोलण्याची प्रथा आज मी मोडणार आहे. मला प्रकाशकांशी भांडायचं आहे, आणि त्याआधी तुमच्याशी.

सप्टेंबर २०२५मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने लेखक-प्रकाशकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. चोरीच्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तकं उतरवून घेतल्याचा तो खटला. रीतसर विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणं न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जूनमध्येच वैध ठरवलं होतं. चोरीच्या प्रती बाळगणं नव्हे. भरपाई पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. मात्र यादीत यायला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात मुदतीत झालेली नोंदणी हवी होती. पुण्यात छापलेल्या कादंबरीची तिथे नोंद कोण करतो?

चोरी तिकडचेच करतात असं मात्र समजू नका. दिवाळी अंक बाजारात येतो न येतो तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागते. ती पुढे पाठवणारे या मांडवातही बसले आहेत. ‘हे सगळीकडे फुकट पडलं होतं’ असं उद्या एखादी कंपनी कोर्टात म्हणाली, तर तो युक्तिवाद तिच्या हाती आपणच दिलेला असेल.

आता प्रकाशक. माझ्यासमोर नुकताच एक छापील करार आला. ‘आज अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क’ लेखकाने द्यायचे. मुदतीची जागा कोरी. मानधनाचा आकडा पंचवीस वर्षांपूर्वी शोभला असता. लेखकांनो, सही करण्याआधी १९५७चा कॉपीराइट कायदा उघडा. मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच जातात. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा जे माध्यम वापरात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते त्या करारात येत नाही. माझ्या मते यंत्राचं प्रशिक्षण हा असाच वेगळा वापर आहे. जुन्या कराराच्या जोरावर तुमचं पुस्तक एआय कंपनीला विकायचा अधिकार कुणालाही नाही.

‘यंत्राला मराठी यायला हवी, मग पैसे कसले मागता?’ असं विचारणारे आपल्यातच आहेत. यंत्राला चांगली मराठी यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण कागदवाला बिल सोडत नाही, बाइंडर सोडत नाही. भाषासेवा एकट्या लेखकाच्याच माथी का? डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या समितीने सक्तीच्या परवान्याचा प्रस्ताव मांडला: कंपन्यांनी रॉयल्टी द्यायची, लेखकाला नकार देता येणार नाही. नकाराचा हक्क काढून घेणं मला साफ अमान्य आहे. पण रॉयल्टी वाटायची वेळ आलीच, तर हक्क कुणाचा हे कागदावरूनच ठरेल. आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही, हे खरं. पण साहित्यकृतीच्या नोंदणीला पाचशे रुपये लागतात, आणि भांडण उभं राहिलं की तोच कागद पुरावा म्हणून पुढे करता येतो.

म्हणून आजच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडतो: लेखकाच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय कोणत्याही प्रकाशकाने पुस्तक प्रशिक्षणासाठी देऊ नये, दिलं असल्यास कुणाला आणि किती रकमेला हे लेखकाला कळवावं, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा लेखकाचा असावा. प्रकाशक मंडळी पहिल्या रांगेत बसली आहेत. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आत्ता, इथेच उभं राहून बोलावं.