माफ करण्याआधी हक्क माहीत असू द्या



2022 च्या पावसाळ्यात अब्बा फजरच्या नमाजला सायकलवरून निघाले होते. मागून आलेल्या कारनं त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चार महिने काम बुडालं. कारवाला आमच्याच मोहल्ल्यातला. त्याच्या गाडीचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपला होता.

तिसऱ्या दिवशी चार बुजुर्ग घरी आले. "आपलाच माणूस आहे. वीस हजार देतोय. सही करा, मिटवून टाका." अम्मीनं पेन हातात घेतलं होतं. मी म्हटलं, "चाचा, दवाखान्याचं बिल पावणेदोन लाख झालंय. बाकीचं कोण देणार?" उत्तर आलं, "सबर कर, बेटा."

आम्ही सही केली नाही. पुढं जे शिकलो ते सांगते.

विमा नाही म्हणजे भरपाई नाही, हा गैरसमज आहे. विमा कंपनी नसेल तर भरपाई चालक आणि गाडीमालकाच्या खिशातून येते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून थांबू नका. एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं, पगाराचा पुरावा, सगळं जपून ठेवा. बिलाबरोबर बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास आणि कायमचं अपंगत्वही मोजलं जातं.

पोलिसांनी जप्त केलेल्या गाडीवर लक्ष ठेवा. विमा नसलेली गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडू नये, तारण न दिल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये राज्यांना सांगितलं. निकालानंतरही मालक पैसे देत नसेल तर कलम 174 खाली कलेक्टरमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही. आमचा अर्ज अम्मीच्या नावानं नव्हता, अब्बांचा होता, पण कमी उत्पन्नामुळं त्यांनाही मोफत वकील मिळाला.

2025 पासून अपघातानंतरचे सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. आमच्या वेळी ती नव्हती. तुम्ही दवाखान्यात विचारा.

निकाल लागायला दोन वर्षं गेली. पैसे अजून हप्त्यानं येतायत. सोपं नाही, हे लपवत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. तो कारवाला म्हणाला होता, "इन्शुरन्स आपल्यात जायज नाही." विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, मान्य. पण थर्ड पार्टी विमा आपल्या फायद्यासाठी नसतो. आपल्या चाकाखाली येणाऱ्या माणसासाठी असतो. तो कलम 146 नुसार सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड सरकारला जातो, जखमी माणसाला नाही. हुकूकुल इबाद म्हणजे हेच ना?

माफ करणं मोठं काम आहे. अब्बांनी त्याला मनापासून माफ केलंय, ईदला गळाभेट होते. पण माफी अब्बांनी द्यायची असते, बुजुर्गांनी त्यांच्या वतीनं नाही. आणि दवाखान्याचं बिल माफीनं फिटत नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या बाइकच्या विम्याची तारीख बघा. एवढंच मागते.