तिकडचे लोक देवाला का मानतात?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या वर्षी याच मेळाव्यात चहाच्या वेळी एका तरुणाने मला गाठले. म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा. तिकडचे लोक देवाला मानतात ते औषध मिळतं म्हणूनच ना? मी तर मानत नाही. आईसाठी चर्चला येतो." मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. पण तेवढ्यात पुढची सभा सुरू झाली आणि उत्तर राहून गेले. आज ते देते. तो आला आहे की नाही ठाऊक नाही, त्याची आई मात्र पुढच्याच रांगेत दिसते आहे.

धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर "देव आहे का" असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. तसे आपल्या देशातच हा प्रश्न कमी. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींत स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम ३३ हजार निघाले. आमच्याकडे तर शिवारावर वाघदेव असतो. नवाई केल्याशिवाय नवे धान्य कोणी तोंडात घालत नाही. महाशिवरात्रीला माणसे सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला याहामोगीच्या यात्रेला जातात. याहा म्हणजे आई. अशा ठिकाणी देव आहे का म्हणून विचारले, तर बाया आधी पदर तोंडाला लावून हसतील. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. देव रागावलाय का, आणि कोणामुळे?

हा 'कोणामुळे' फार वाईट. त्याच्याकडे मी येतेच, आधी औषधाचे सांगते.

होय, औषधासाठी येतात. का येऊ नये? आमच्या केसपेपरवर नाव, वय आणि पाडा असतो, धर्माचा रकाना नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचे कातडे पुन्हा बिघडले असे लूकने कुठे लिहिलेले नाही. बरे वाटल्यावर रविवारच्या प्रार्थनेला चार दिवस येणारे आणि मग न येणारे मी पुष्कळ पाहिले. ते बाजारात भेटले की हसून बोलतात, मीही बोलते.

पण औषध चालले नाही तेव्हा काय? तुमच्या मुलाचा प्रश्न खरा तिथे सुरू होतो, ताई.

एका पाड्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा होता. हातपाय दुखायचे, डोळे पिवळे, थोडे धावला की बसायचा. बडव्याने दाणे टाकून पाहिले आणि मुलाच्या विधवा चुलतीकडे बोट दाखवले. डाकीण. त्या दिवसापासून तिच्या घराचा विस्तवही कोणी घेईना. तिला गावाबाहेर काढायची बोलणी चालू असताना मुलगा आमच्याकडे आला. बोटातून रक्त घेतले. सिकलसेल. मग आईबापांचे रक्त तपासले. दोघेही वाहक.

बापाला मी विळा हातात घेऊन समजावले. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या अशा विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडे दुखतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. तुम्हा दोघांकडे तो अर्धा अर्धा आहे, म्हणून प्रत्येक बाळंतपणात चारात एक असा धोका. तो बराच वेळ विळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वहिनीनं काही केलं नाही." त्याच संध्याकाळी तो तिला स्वतः जेवायला बोलावून आला.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही मोकळे केले. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. कळला त्या दिवशी.

इथे गोष्ट थांबली असती तर तुम्हाला आणि मलाही बरे वाटले असते. पण गोळ्या चालू असूनही दुसऱ्या पावसाळ्यात मुलाला ताप आला, दुखणे उसळले. बांबूला झोळी बांधून चौघांनी डोंगर उतरवला. रस्त्याला लागण्याआधीच तो गेला.

आता चुलतीवर पुन्हा येणार, असे सगळ्यांना वाटले. बडवा तयारच होता. पण बाप सगळ्यांसमोर म्हणाला, "रक्त माझं होतं, तिचं नव्हतं." ती बाई आजही त्याच पाड्यावर राहते.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. तो मला अरेतुरेच करतो, तिकडची रीतच तशी. "बाई, हे रक्त माझ्यात घातलं कोणी? तुझ्या देवानं ना?" मी पुस्तकातले सांगितले. ज्याच्यात हा दोष एकाच बाजूने आलेला असतो, त्याला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तुझ्या आजोबा-पणजोबांना कदाचित त्याच रक्ताने तारले असेल. "मग माझ्या पोराला का नाही?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रार्थना चालवली ती फक्त माझी पाळी होती म्हणून. तोंडाने शब्द येत होते इतकेच.

तो मात्र प्रार्थनेला येत राहिला. बाप्तिस्मा नाही, नवाईही करतो, हे मी लपवणार नाही. एकदा मीच विचारले, एवढे होऊनही कसा येतोस? "मग भांडू कोणाशी?" तो म्हणाला. "बडवा बाईमाणूस दाखवतो. तुझा देव म्हणतो, माझ्याशी भांड."

हे मी त्याला शिकवले नव्हते. आमच्या प्रार्थनेत स्तोत्रे वाचतात, त्यांत देवाशी केवढी भांडणे आहेत ते आपल्याला सवयीने ऐकू येत नाही. त्याला आले.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला आहे. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले. रमाबाईंसारख्या विदुषीला आठ वर्षे लागली. म्हणून 'किती जणांनी विश्वास ठेवला' हा रकाना अहवालात भरताना माझा हात अडखळतो. त्या बापाला कुठे लिहू? आणि त्या महिन्यांत मला स्वतःला कुठे लिहायचे होते?

तेव्हा ताई, मुलाला एवढे सांगा की सिस्टरला सगळी उत्तरे येत नाहीत. आणि सुट्टीत त्याला आमच्याकडे पाठवा, वाद घालायला मला आवडेल.

त्या बापाने येताना तुमच्यासाठी आमचूर दिला आहे, धडगावचा, बाहेर टेबलावर ठेवला आहे. घरी आता धाकटी मुलगी आहे, दीड वर्षाची. पुढच्या महिन्यात तिचे रक्त तपासायचे आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि तिच्या चुलतीसाठीही.