पैसा जनतेचा, निर्णय कोणाचा?

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी ऑस्ट्रेलियाचे मजूर पक्षाचे पंतप्रधान बेन चिफली यांनी ‘होल्डन’ ही स्वदेशात बनलेली मोटार जनतेसमोर आणली. २० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडजवळील एलिझाबेथचा होल्डन कारखाना बंद झाला. फोर्डने २०१६ मध्येच आणि टोयोटाने त्याच ऑक्टोबरच्या प्रारंभी तेथील उत्पादन थांबविले होते.

अनुदानांनी हा उद्योग ऐदी बनविला, असे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते सांगतात. १९९७ ते २०१२ या काळात, जकातीचे संरक्षण जमेस धरून, त्याला सुमारे ३० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे साह्य मिळाले, असा तेथील उत्पादकता आयोगाचा हिशेब आहे. परंतु १९८८ मध्ये ४५ टक्के असलेली आयात जकात २०१० पर्यंत ५ टक्क्यांवर आणली गेली. त्यातच खनिजांच्या तेजीमुळे देशाचे चलन महागले आणि परदेशी मोटारी स्वस्त झाल्या. या गोष्टींचा उच्चार ही मंडळी क्वचितच करतात.

माझा प्रश्न याहून निराळा आहे. पैसा करदात्यांचा, श्रम कामगारांचे. पण कारखाना चालवावा की मोडावा, हे ठरले अमेरिकेतील व जपानमधील मुख्य कचेऱ्यांत! म्हणून अनुदान असावे की नसावे, एवढ्यावरच वाद थांबता कामा नये. पैसा पुरविणाऱ्या समाजाला आणि राबणाऱ्या कामगाराला निर्णयाचा अधिकार नसेल, तर अनुदानाने कारखान्याचा मुक्काम तेवढा लांबतो. त्याचे भवितव्य सुरक्षित होत नाही.