सांडव्यावरून जाणारं पाणी



जुलैत विहार तलाव भरल्याची बातमी आली की मुंबईच्या उपनगरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण भरल्यानंतर येणारं पाणी जातं कुठे? तुळशी तलावाचं जादा पाणी विहारमध्ये उतरतं आणि विहारच्या सांडव्यावरून मिठी नदीत पडतं. तिथे ते बोरिवलीच्या जंगलातून आलेलं, चांगलं पाणी असतं. फिल्टरपाड्याची वस्ती लागली की त्यात सांडपाणी मिसळतं. कुर्ल्यात मिठी फुगली की याच पाण्यापायी क्रांतीनगरच्या लोकांना घरं सोडावी लागतात.

विहार १८६० साली बांधून झाला. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथूनच. त्यात सुमारे २७,७०० दशलक्ष लिटर पाणी मावतं. आज मुंबईला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर लागतं, म्हणजे भरलेला विहार अख्ख्या शहराला आठवडाभर पुरेल. भोवती राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे तलाव वाढवायला जागा नाही. मग जादा पाणी साठवायचं कुठे?

भातसात! विहार वाहू लागतो तेव्हा भातसा, अप्पर वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी लांबची मोठी धरणं बहुधा भरायची असतात. महापालिकेची योजना अशी, की सांडव्यावरून जाणारं रोज २० कोटी लिटर पाणी पंपाने भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात न्यायचं आणि शुद्ध करून नळांना सोडायचं. तेवढं पाणी लांबच्या धरणांतून कमी उचलायचं. ते तिथेच शिल्लक राहील आणि मे महिन्यात कामी येईल. नवं धरण नको, जंगल बुडवायला नको. मला ही योजना पटते ती यासाठी.

मिठीचा पूर याने थांबणार नाही, मुसळधार पावसाच्या लोंढ्यापुढे २० कोटी लिटर किरकोळच. शहराचा हिशेबही मांडून बघा: वीस दिवस सांडवा वाहिला, तर मुंबईचं एका दिवसाचं पाणी वाचेल.

पण हेच २० कोटी लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे वीस हजार टँकर. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. वाचलेल्या पाण्यातला पहिला हिस्सा या पाड्यांसाठी राखून ठेवा, ही मागणी अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या रहिवाशांनी स्वतःहून महापालिकेकडे करायला हवी.