संगणकांचे जाळे आणि त्याची राखण : एका नव्या शिक्षणाची ओळख
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि सिक्युरिटी या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणावर मी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास शिकवणारा मास्तर. तेव्हा यंत्राच्या अंतरंगापेक्षा या विद्येचा पाया काय, ती कोणी घ्यावी आणि घेताना काय सांभाळावे, एवढेच मी सांगणार आहे. माझे काही माजी विद्यार्थी आज हा अभ्यास करीत आहेत. त्यांचे अभ्यासक्रम मी पाहिले आहेत, त्यांच्या अडचणी ऐकल्या आहेत.

प्रथम जाळे म्हणजे काय ते पाहू. समजा, आपल्याला शंभर पानांचे पुस्तक दूरच्या गावी पाठवायचे आहे. पुस्तकाची पाने सुटी केली, प्रत्येकावर क्रमांक व पत्ता घातला आणि शंभर पाकिटे टपालात टाकली. काही पाकिटे घाटातून गेली, काही रेल्वेने गेली. पोहोचल्यावर समोरच्याने क्रमांकाप्रमाणे पाने लावून घेतली, आणि जे पान मिळाले नाही तेवढे पुन्हा मागवले. संगणकांचे जाळे याच रीतीने चालते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. त्या दोन अक्षरांपासून आजच्या इंटरनेटची सुरुवात झाली. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आता सुरक्षेचा प्रश्न. आपल्या कोकणातील कित्येक घरांचा कर्ता माणूस आखातात नोकरी करतो. पूर्वी त्याचा ड्राफ्ट टपालाने येई आणि घरातली माणसे पोस्टमनची वाट पाहत. आज तीच कमाई क्षणात खात्यावर जमा होते. सोय झाली खरी, पण वाटेवरचे चोरही बदलले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले. बनावट कार्डांच्या साहाय्याने काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपयांची ही चोरी. यात कोणी तिजोरी फोडली नाही, की कोणावर बंदूक रोखली नाही. अशा चोरीपासून राखण करणारी शिकलेली माणसे आज बँकांना, रुग्णालयांना, वीज मंडळांना आणि सरकारी कचेऱ्यांना हवी आहेत. त्यांना तयार करणारे हे शिक्षण आहे.

या विद्येचा पाया आहे गणित, आणि त्याची मुळे फार जुनी आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. सांकेतिक लिपीतले पत्र कसे उलगडावे, यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती साधी होती : पत्र ज्या भाषेत आहे, तिच्यातील कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. मग गुप्त पत्रातील चिन्हे मोजा. सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह हे बहुधा सर्वांत जास्त वापरात असलेले अक्षर असणार. मोजणीच्या बळावर कुलूप उघडण्याची ही जगातील सर्वांत जुनी ज्ञात पद्धत आहे आणि आजही सायबर सुरक्षेचा विद्यार्थी ती शिकतो. या वारशाचा आपण अभिमान जरूर बाळगावा. पण अल-किंदीचे नाव घेऊन मुलाला गणिताचा पेपर सुटत नाही. अल-किंदी मोजत बसला होता, हे आपण विसरता कामा नये.

आधुनिक कुलूपही गणिताचेच आहे. विद्यार्थी मित्रांनो, ४७ गुणिले ५९ किती? वहीत मांडाल तर मिनिटात उत्तर येईल : २७७३. पण मी केवळ २७७३ ही संख्या देऊन, ती कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आली असे विचारले, तर तुम्हाला बराच वेळ खटपट करावी लागेल. गुणाकार सोपा आणि त्याची उलट वाट अवघड, एवढ्याच गोष्टीवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली आपली कुलूप-किल्ली बेतली. प्रत्यक्षात वापरतात ती संख्या सहाशेहून अधिक आकडी असते. तेव्हा अकरावीला गणित सोडण्याची घाई करू नका.

पदवीच्या वर्गात काय शिकवतात, हे पालकांनी समजून घ्यावे. पहिल्या वर्षी आज्ञावली लिहिणे, गणित आणि संगणकाची रचना. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क. शेवटच्या टप्प्यात गुप्तलेखनशास्त्र, नेटवर्कची सुरक्षा, गुन्ह्याचा पुरावा शोधण्याचे तंत्र आणि सायबर कायदा. प्रयोगशाळेत संगणकाच्या आत दुसरा बंदिस्त संगणक तयार करून त्याच्यावर हल्ला करून पाहतात, मग तोच हल्ला कसा थोपवायचा ते शिकतात. वैद्यकीय विद्यार्थी रोगजंतू ओळखायला शिकतो, तसेच हे.

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते. बारावीला विज्ञान व गणित असल्यास बी.एस्सी. आय.टी., संगणकशास्त्राची बी.एस्सी., बी.सी.ए. किंवा प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीची पदवी. पदवीनंतर पुण्यातील सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेत यंत्रणा व सुरक्षेची पदव्युत्तर पदविका आहे. गांधीनगर येथील न्यायसहायक विज्ञानाच्या शिक्षणसंस्थेला २०२० साली राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला असून तेथे सायबर सुरक्षेचे उच्च शिक्षण मिळते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले, यावर विसंबू नये.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. “सहा महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची हमी” अशी रंगीत पत्रके घेऊन पालक माझ्याकडे येतात. एका गृहस्थांनी अशा एका क्लासमध्ये मोठी रक्कम भरली. मुलाला शेवटी हाती आला तो एक कागद आणि दुसऱ्याने तयार केलेली काही साधने चालवण्याची सवय. साधने दोन वर्षांत जुनी होतात. टिकतो तो पाया. छोटे अभ्यासक्रम वाईट नसतात, पण ते पदवीच्या जोडीला घ्यावेत, पदवीच्या जागी नव्हेत. शिवाय सरकारच्या स्वयंम् आणि एनपीटीईएल या योजनांत आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. महागडा संगणकही लागत नाही. लिनक्स ही यंत्रणा हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्स याने, १९९१ साली सुरू केली. ती फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते.

मराठी व उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. भीती अगदीच अनाठायी नाही, कारण या विषयाची पुस्तके इंग्रजीत आहेत. पण येथे फाडफाड बोलण्याआधी वाचता येणे गरजेचे आहे. आठवीपासून रोज एक पान शब्दकोश जवळ घेऊन वाचा, बारावीपर्यंत वाट मोकळी होईल.

आणि आता मुलींविषयी. “मुलीला एवढे शिकवून काय करायचे?” हा प्रश्न दबक्या आवाजात अजूनही विचारला जातो. जाळ्यामध्ये एकच संदेश गोल गोल फिरत राहून सारे जाळे तुंबू नये, यासाठीची पद्धत १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी शोधून काढली आणि ती जगभर वापरली गेली. आमच्या वर्गात गणितात पुढे असणाऱ्या मुलींनी बारावीनंतर घरी का बसावे, याचे उत्तर पालकांनी स्वतःला विचारावे. शहरात वसतिगृहाची सोय पाहून द्या, वाटल्यास स्वतः जाऊन पाहून या, पण दार बंद करू नका.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक आज्ञावली जाळ्यात सोडली. ती स्वतःच्या प्रती काढत सुटली आणि हजारो संगणक ठप्प झाले. कोणाची माहिती पुसण्याचे काम ती करत नव्हती, तरी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दंड, देखरेखीखालील शिक्षा आणि चारशे तासांची समाजसेवा फर्मावली. पुढे तो प्राध्यापक झाला, पण प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळतेच असे नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून आहे. अप्रामाणिक हेतूने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणून मित्राचे खाते उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ही विद्या घेणाऱ्याच्या हाती उद्या इतरांच्या घरांच्या किल्ल्या येणार आहेत. बँकेतील ठेवी, रुग्णांचे अहवाल, कोणा विधवेचे निवृत्तिवेतन, हे सारे त्याच्याकडे अमानत म्हणून असेल. कुलूप उघडता येणे ही हुशारी झाली. उघडता येत असूनही परवानगीवाचून हात न लावणे, हे चारित्र्य. हुशारीची परीक्षा विद्यापीठ घेईल. चारित्र्याचे शिक्षण मात्र आजपासून आपल्या घरात आणि आमच्या शाळेत द्यावे लागेल. परीक्षेत शेजारच्या उत्तरपत्रिकेत न डोकावणारा मुलगा आणि वडिलांचा पिन ठाऊक असूनही पैशाला हात न लावणारी मुलगी, ही या अभ्यासक्रमाची खरी पूर्वतयारी आहे.

पालकांनो, मुलाने हा विषय घ्यायचे म्हटले तर पगार किती मिळेल हे विचाराच, पण त्याआधी त्याच्या गणिताची वही उघडून पाहा. विद्यार्थी मित्रांनो, कष्टाची तयारी असेल तर या क्षेत्रात तुमचे गाव, तुमचे माध्यम किंवा तुमच्या घरची परिस्थिती तुम्हाला अडवू शकणार नाही, असा मला विश्वास वाटतो.